बासष्ट नंबरची सुरक्षित जागा

४ मार्च
रोजनिशी सुरू. संकल्प तीन. सिगरेट बंद, सकाळी व्यायाम, आणि युद्धाचा रोजचा आढावा, कारण पेपरवाल्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. युद्ध आता चार खंडांत पसरलंय आणि माझ्यासारखा माणूस पोस्टात पत्रं खणांत टाकत बसलाय.
वाळवंटात आपले तीस रणगाडे जळाले. मी असतो तर उत्तरेकडून गेलो असतो.
सिगरेट उद्यापासून.

९ मार्च
मोठा शोध. सैनिकांच्या पत्रांवर ठिकाण नसतं, नुसता लष्करी टपालाचा नंबर. सरकारला वाटतं, कोणाला पत्ता लागणार नाही. पण सतरा नंबरच्या पाकिटांतून वाळू सांडते, म्हणजे वाळवंट. एक्केचाळीसला मासळीचा वास, म्हणजे बेटं. आमच्या चिरंजिवांचा नंबर बासष्ट. पाकिटावर तेलाचे डाग. म्हणजे धान्य-तेलाचं कोठार, आघाडीपासून शंभर कोस तरी मागे. हिला समजावून सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ही पोटभर जेवली.

१५ मार्च
गल्लीत माझा शब्द चालतो. पोरांचे नंबर घेऊन लोक घरी येतात. समोरचा बेकरीवाला आला होता, त्याचा मुलगा सतरात. म्हटलं, वाळवंट आता थंडावलंय, खुशाल झोपा. गल्लीत मला 'जनरल' म्हणतात. काही जण हसून म्हणतात, पण म्हणतात.

२२ मार्च
बेकरीवाल्याकडे तार. मुलगा रणगाड्यातच जळाला. पुरायला पट्ट्याच्या बकलाशिवाय काही मिळालं नाही, असं त्याच्या मित्राचं पत्र मागून आलं. बेकरीवाला भट्टीसमोर बसून राहिला आणि सगळे पाव कोळसा झाले.
सतरा म्हणजे वाळवंट, हा माझा अंदाज तंतोतंत बरोबर होता. पण हे मी त्याला सांगितलं नाही. माणसानं प्रसंग पाहावा.
तारवाल्यानं सायकलची घंटा काढून टाकलीय. घंटा ऐकली की बायका दारं लावून घेतात, म्हणे.

३० मार्च
चिरंजिवांचं पत्र. सेन्सॉरनं निम्म्याहून जास्त काळं केलंय. एवढं लपवण्यासारखं लिहितो, म्हणजे पोराला महत्त्वाचं काम दिलेलं दिसतं. वाचता येतं ते इतकंच, की एकुलत्या मुलाच्या वडिलांनी अर्ज केला तर बदली मिळते, बाबा, फॉर्म लवकर भरा, इथे. 'इथे'च्या पुढे चार ओळी काळ्या.
हिनं आजच फॉर्म आणला. मी टेबलाच्या खणात ठेवला. बसल्या जागी सुरक्षित असलेल्या पोराला हलवायचं कशाला? मुलगा आहे माझा, मला काळजी नाही का?

८ एप्रिल
आज युद्ध आमच्या ऑफिसात आलं. दुपारी चार विमानं, सहा बॉम्ब. सॉर्टिंगचं छप्पर खाली आलं. शेजारी बसून शिक्के मारणारा कारकून गेला. त्याचा हात माझ्या टेबलावर पडला होता, मुठीत शिक्का तसाच. बाहेर रस्त्यावर घोडा अर्धा पेटलेला धावत होता, शेवटी पोलिसानं गोळी घातली.
मी टेबलाखालून परिस्थितीचा आढावा घेत होतो. सिगरेटचा संकल्प युद्ध संपेपर्यंत स्थगित.

१४ एप्रिल
हिनं खणातून फॉर्म काढला, माझी सही स्वतः ठोकली आणि देऊन आली. विचारलं तर म्हणाली, पंधरा दिवस वाट बघून झाली. चार दिवस अबोला धरायचं ठरवलं. जेवणापर्यंत टिकला.
दोन बेटं पडली. शत्रूनं कैद्यांना ओळीत उभं करून गोळ्या घातल्या. बेटं सोडा, असं मी सेनापतींना महिन्यापूर्वीच पत्रानं कळवलं होतं.

२ मे
उत्तर आलं, तेही सॉर्टिंग करताना माझ्याच हातात. अर्ज मंजूर, बदली नंबर सतरा, वडिलांची संमती जोडावी.
सतरा! बेकरीवाल्याचा पोरगा जिथे जळाला तिथे? डोकं गरम झालं. तिथल्या तिथे लिहिलं, 'वडिलांची संमती नाही', आणि दुपारच्या थैलीतून परत पाठवलं. आज मी पोराचा जीव वाचवला. हिला सांगितलं नाही. तिला यातली स्ट्रॅटेजी कळायची नाही.

११ मे
बासष्टमधून तीन तारा. कोठाराला आग लागली असावी. तेल म्हटलं की हे आलंच.

१३ मे
आज बासष्टच्या एकोणीस. तारवाला अर्ध्यातून परत आला आणि पायरीवर बसून ओकला.
दुपारी काउंटरवर एक पाय गेलेला शिपाई आला. बासष्टमधलाच. कोठार कुठलं, असं म्हणून हसला. म्हणाला, नदीकाठचे खंदक आहेत, पाकिटावरचे डाग बंदुकीच्या तेलाचे. समोरून मशिनगन चालू असताना तीनदा नदी ओलांडायला लावली, शेवटी शेवटी तर प्रेतांवर पाय देऊन पलीकडे गेले. सतराचं विचारलं. म्हणाला, काही नंबर मधेच फिरवतात. सतरा आता समुद्राकाठच्या दवाखान्याचा आहे, तिथे पोरं चादरी मोजतात.
त्याला म्हटलं, साध्या शिपायाला पूर्ण चित्र दिसत नसतं.
संध्याकाळी संमतीचं पत्र लिहिलं. मोठ्या साहेबांच्या हातापाया पडून खास थैलीत टाकलं. वेळेत पोहोचेल. पोहोचायलाच हवं.

१६ मे
आमच्या पत्त्यावर तार. तारवाल्याला म्हटलं, मी नेतो. घर दहा मिनिटांवर आहे, मला दीड तास लागला.

१७ मे
ही काल दुपारपासून पाणीसुद्धा प्यायलेली नाही. आत्ता उठून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, तुमच्या मनाविरुद्ध मी फॉर्म दिला, पण त्यांनी साधं उत्तरसुद्धा पाठवलं नाही हो. उत्तर आलं असतं तर पोर आज जिवंत असतं.
मी म्हणालो, सरकारी काम असंच असतं.
तिनं माझा हात हातात घेतला.