अव्वाच्या आवाजासाठी कॅमेरा

पुणे, रविवार

प्रिय ईरण्णा,

अक्काचे आशीर्वाद. तळहातावर मावणारा व्हिडिओ कॅमेरा पाठवते आहे. दुकानदार मलाच शिकवत होता, "काकू, हल्ली मोबाइलवर होतं की सगळं!" म्हटलं, "मोबाइल समोर धरला की आमची अव्वा, आई हो माझी, पदर सावरून पुतळ्यासारखी गप्प बसते." लांबूनही चेहरा जवळ आणणारा, आवाज स्वच्छ टिपणारा कॅमेरा मी भांडून निवडला.

अव्वा भाकरी थापत असताना तो तिच्या नकळत समोरच्या फळीवर ठेव. गुरुवारी तिच्या घशाचं ऑपरेशन. डॉक्टर चांगले आहेत, पण आवाज राहील का, हे सांगत नाहीत. सोलापुरात ऊन वाढलंय म्हणे. तू वेळेवर जेवतोस ना?

तिच्यापाशी माझा विषय काढ. इंग्रजी शाळेत शिकवते म्हणून 'कॉन्व्हेंटची मडम' म्हणत शिव्याच घालेल. एकही कापू नकोस.

तुझी,
महेश्वरीअक्का