सोमवारचा पाव फेरा

४ मार्च

ती. बाबांस,

नमस्कार मागाहून, आधी तेलाचं बोलू. मी पैसे चष्म्यासाठी पाठवले होते. ताई लिहिते, तुम्ही पुन्हा डबा भरून तेल आणलंत! वीजघर बंद पडून एकवीस वर्षं झाली, बाबा. पगार नाही, पाणी नाही, तरी दर सोमवारी वीज करणाऱ्या त्या चक्राला तेल आणि हाताने पाव फेरा. का, तर एका जागी बसून दांडा वाकतो म्हणे. वाकू दे की.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, डोकं भंजाळलं. नगरपालिका तिथे करणार तरी काय? आधी म्हणालात अळंबी पिकवणार, मग नाचाचा वर्ग, शेवटी पोहायचा तलाव. कशाचंही काहीही! यंत्र भंगारात जाणार, एवढंच मला कळलं. मग तुम्ही तिथे कुणासाठी थांबणार? इथे दोघांपुरती खोली बघितलीय, खिडकीवाली. या.

रागावलेला, पण तुमचाच,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद आणि एक टपली.

परवा भंगारवाला कटर घेऊन आला. बाबा चक्राला पाठ लावून उभे. पालिकेची इंजिनीअर होती, पोरगीच. तिने बाबांना बाजूला केलं, सहज जोर लावून बघितला, तर चक्र फिरलं! ती बावचळली. म्हणाली, हे गंजून घट्ट बसायला हवं होतं. आता म्हणे पाणी सोडून तेच चालवणार आणि त्या विजेवर बाकीच्या दालनात सुतार-लोहारांना गाळे देणार. बाबांना विचारलं, तेलाचं काम बघाल का. बाबा दोन तांबे पाणी प्यायले आणि मलाच विचारतात, धाकट्याच्या खोलीचं काय करू? आता तूच सांग.

लोभ आहेच, चष्मा अजून नाही.
ताई

२ एप्रिल

ती. बाबांस,

या वेळी नमस्कार आधी. हसू की रडू कळेना. तेलाचं काम मिळालं म्हणजे तुम्ही काही येणार नाही, याचा राग यायला हवा होता, तोही धड येईना.

एक सांगतो, ताईला सांगू नका. आमच्या कारखान्यात एक मोठा पंखा कधीचा बंद पडलाय. दर सोमवारी जाता-जाता मी त्याला पाव फेरा देतो. मुकादम विचारतो, वेड लागलं का रे? काय सांगू त्याला? का देतो ते मलाच ठाऊक नव्हतं, ताईचं पत्र येईपर्यंत.

खोली नको म्हणून घरमालकाला कळवलं. चक्र चालू होईल त्या दिवशी मी येतो. लोभ असू द्या. आधी चष्मा, मग तेल. खोलीसाठी ठेवलेले सगळे पैसे पाठवतोय, दोन हजार सहाशे.