पहिला प्रश्न

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आमची नगरपालिका तुमच्या शहराच्या महापालिकेत विलीन करावी की नाही, यावर काल मतं समसमान पडली. पुढच्या सभेत अध्यक्ष म्हणून माझं जादा मत निर्णायक. लोढणं शेवटी माझ्याच गळ्यात!

आमच्याकडे ना इंजिनियर, ना धड पंप. हद्दीवरच्या गल्लीतलं गटार तुला ठाऊकच आहे. तुमची माणसं गाळ आमच्या बाजूला ढकलतात, आमची परत तुमच्या बाजूला. तो साचतो मात्र आपल्याच दारात. तरी आपले आबा ऐकत नाहीत. ही नगरपालिका त्यांनीच भांडून शहरापासून वेगळी काढली होती ना. शहरात आपलं ऐकणार कोण, असं विचारतात. होकार दिलास तर माझ्याशी बोलू नकोस, असंही बजावलंय. मला विलीनीकरण पटतं रे, पण आबाही हवेत.

तुझं मत कळव. जीव लावतोस तसाच लाव.
तुझी ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गटारं माझ्याच खात्याकडे, त्यामुळे वाचून खजील झालो. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, हद्दीपलीकडे आपलं फावडं लागलं तर तपासणीवाले डोकं खातील.

आबांची भीती मात्र खोटी नाही. आमच्या सभागृहात पासाशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. तुमच्याकडे आबांनी सुरू केलेली ती खुर्ची आहे. सभेआधी गावातलं कोणीही तिच्यावर बसून पहिला प्रश्न विचारतं, आणि उत्तर मिळेपर्यंत सभा सुरू होत नाही. ती खुर्ची इथे आणायची अट घाल. साहेब हसतील, हसू देत. मत मात्र तुझं स्वतःचं दे. आबांचंही नको, माझंही नको.

ओरडून झालं की माया असू दे.
तुझा धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अट मान्य झाली, मी होकार दिला आणि स्वतःचं पद स्वतःच्या हाताने घालवलं. त्याचं काही वाटत नाही. पण आबा खरंच बोलत नाहीत. मीठ माझ्यासमोर असलं तरी ह्यांच्याकडे मागतात. आधी हसू यायचं, आता घास उतरत नाही.

तू तरी पत्र पाठवत राहा.
तुझी ताई

ता. ६ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज एकत्रित महापालिकेची पहिली सभा झाली. खुर्ची मांडली होती, पण कोणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. इतक्यात इस्त्रीचा शर्ट घालून आबा आले आणि ऐटीत बसले.

त्यांनी विचारलं, आमच्या दारातला गाळ आता कोणाचा? उत्तर द्यायला मलाच उभं राहावं लागलं. मला चक्क साहेब म्हणाले, ओळखसुद्धा दाखवली नाही. मी म्हटलं, आमचा, उद्या सकाळी उचलतो. मग सचिवांनी विचारलं, लेखी उत्तर कोणाच्या नावे पाठवायचं? आबा म्हणाले, माझ्या मुलीच्या, ती आमच्या गावची अध्यक्ष आहे. सचिव म्हणाले, ते पद आता उरलेलं नाही. आबा म्हणाले, तुमच्या कागदावर नसेल.

हे पत्र उद्या फावडेवाल्यांबरोबर मीच घेऊन येतोय. जेवायला थांबेन. मीठ कोणाकडे मागतात ते बघायचंय.

तोवर लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा धाकटा