छत्तीसशेवरची हजेरी

लिप्नित्सा, ४ सप्टेंबर २०१९

चि. ल्युबेन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

लुतेनित्सा चटणी शिजली, तुझ्या चार बरण्या काढून ठेवल्यात. काम असं, डोंगरावरच्या खोलीत वीज नाही. बॅटरी चोवीस व्होल्टची, रेडिओला हवेत बारा. मधला जुना रेग्युलेटर निम्मी वीज उष्णतेत घालवतो, त्यावर मिरच्या भाजाव्यात! तू सोफियात हेच करतोस, एखादी स्विचिंगवाली चिप निवडून दे.

आमची रेडिओवाल्या मित्रांची रविवारची हजेरी, छत्तीसशे किलोहर्ट्झवर, चुकता कामा नये. तुझी आई गेल्यापासून माणसांशी बोलणं तेवढंच. नाव पुकारल्यावर एखाद्याने तीन रविवार उत्तर दिलं नाही, तर तो गेला असं धरून आम्ही मोर्समध्ये त्याचा निरोप वाजवतो.

आठवण ठेव.
बाबा

सोफिया, ११ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न., वि. वि.

चिप पाठवतोय. दीडशे किलोहर्ट्झवर चालू-बंद होणारी, स्वस्त, थंड राहणारी. अधिक वेगवानही मिळतात, पण तुमच्या थरथरत्या हातांना ही मोठ्या पायांचीच बरी. सोबत माहितीपत्रक आहे. आधी कागद वाच, मग तोंड उघड, असं तुम्हीच म्हणायचात. तेव्हा वाचालच.

माया असू द्यावी.
ल्युबेन

लिप्नित्सा, २८ ऑक्टोबर

चि. ल्युबेन यास आशीर्वाद.

चिप झकास, बोट ठेवलं तरी गार. पण माझे कानच गेले रे. छत्तीसशेवर नुसती खरखर, माणसं कुठेच नाहीत. डावा कान अधू होताच. तुझ्या निवडीवर शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

माझं नाव पुकारलेलं ऐकूच येईना, तीन रविवार चुकले. परवा विदिनहून हजेरीतल्या स्तामेनचं पत्र आलं, वेलिझारच्या, म्हणजे माझ्याच, घरच्यांस म्हणून, सांत्वनाचं. माझा निरोप वाजवताना तो रडला म्हणे. मी हसलो, मग हसवेना. अँटेना उतरवली, रेडिओ भंगारात दिला. बहिऱ्याला काय करायचाय? लहानपणी तुला फार छळलं, ते हल्ली आठवतं.

बापावर राग धरू नकोस.
बाबा

सोफिया, ६ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

तुमचे कान ठणठणीत आहेत. दीडशेची चोवीसपट छत्तीसशे. चिपची खरखर तिच्या वेगाच्या प्रत्येक पटीवर उमटते, म्हणजे नेमकी तुमच्या हजेरीवर बसते. तारेच्या एका गुंडाळीने, एका पत्र्याच्या डबीने ती दबली असती. हे सगळं मला ठाऊक होतं.

मी अकरा वर्षांचा असताना माझ्या पहिल्या रेडिओतली तार तुम्ही गुपचूप तोडलीत, दोष शोधायला शिकावं म्हणून. महिनाभर मी रडत शोधत होतो आणि तुम्ही पाहुण्यांना सांगून हसत होतात. मी रेडिओ फेकला, तेव्हा कुठे सांगितलंत. मीही आत्ताच सांगतोय.

कळावे.
ल्युबेन

लिप्नित्सा, १२ नोव्हेंबर

ल्युबेन,

आकडेमोड तपासली. बरोबर आहे.

जिवंत आहे असं स्तामेनला कळवायला बसलो होतो. पण मग गप्प का होतो तेही सांगावं लागणार, आणि पोटच्या पोराने असं केलं हे माझ्याच्याने लिहवत नाही. त्याचं पत्र सोबत जोडलंय. सांत्वनाबद्दल आभाराचं उत्तर तू लिही. मुलानेच लिहायचं असतं ते.

वेलिझार