प्रसादाला रकाना नाही

१० ऑक्टोबर २००७, बुधवार. फुनाबोरी, जपान. वजन ७१.४
हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी पडली होती, त्यावर आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी विज्ञानात आहे. यांच्या लॅबला चाळिशीच्या, जाडसर, कसलंही औषध चालू नसलेल्या बाया हव्या होत्या. वीस मिळाल्या, त्यात शाकाहारी मी एकटी. ‘जाडसर’ हा शब्द यांचा. मी हाडानं जड आहे. आमच्या माहेरी सगळ्याच.
मार्चपर्यंत रोज काट्यावर उभं राहायचं, खाल्लेलं लिहायचं, महिन्यातून एकदा रक्त द्यायचं. ओगावासान म्हणून आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी छापील वही दिली. रकाने तीन: सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी मॅट्रिक असले तरी वही ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
यांचं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतं. नवीन काही सापडलं तर पुढची तीन वर्षं, नाहीतर बाडबिस्तरा. म्हणून माझी वही चोख पाहिजे.

१२ ऑक्टोबर, घटस्थापना
नऊ दिवस उपवास. देवीला सांगितलं, यांच्या औषधाला यश दे.
साबुदाण्याची खिचडी लिहायची का, यावर बराच विचार केला. उपवास म्हणजे न खाणं. मग खाल्लं असं कसं लिहिणार? वही खोटी ठरेल. लिहिलं: सकाळ, चहा. दुपार, काही नाही. संध्याकाळ, काही नाही.

२२ ऑक्टोबर, सोमवार. वजन ७२.६
नऊ दिवस उपवास करून सव्वा किलो वर. काट्याला आमची तातामीची चटई मानवत नसेल. उचलून बाथरूमच्या दारात ठेवला. ७२.७. परत चटईवर.

५ नोव्हेंबर, सोमवार
यांना विचारलं, नक्की करता काय. म्हणाले, शहाण्या पेशीला आपलं काम संपल्याचं कळलं की ती आवरून घेते. स्वतःची लहान लहान पुडकी बांधते, शेजारच्या पेशी ती घेऊन जातात. गाजावाजा नाही. अडाणी पेशी मात्र फुटते, सगळीकडे सांडते. मग शरीराचे पोलीस धावतात आणि सूज येते. यांचं औषध चरबीच्या पेशीला शहाणपणानं मरायला शिकवणार. सध्या बारा लठ्ठ उंदरांना देतायत.
उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. त्यांच्यासाठी रोज एक मोदक चढवायचं ठरवलं. एकानं देवाचं काय होणार, म्हणून पाच.

९ नोव्हेंबर, दिवाळी
फराळ आधी लक्ष्मीपुढे ठेवला, तेव्हा तो प्रसाद झाला. प्रसादाला वहीत रकाना नाही. जपान्यांनी विचार करूनच रकाने पाडले असतील.

१४ डिसेंबर, शुक्रवार. वजन ७४.१
आज जळाऊ कचऱ्याचा दिवस. लेक अनघा ताटात भात टाकून शाळेत गेली, यांनी दीड पोळी सोडली. अन्न जाळायला द्यायचं म्हणजे पाप. संपवलं. याला जेवण म्हणत नाहीत, भांडी आवरणं म्हणतात.
हे संध्याकाळी लवकर आले. बारापैकी नऊ उंदीर गेले. चरबीच्या पेशी फुटून मेल्या, पोलीस आले, यकृत सुजलं. हे कोट न काढता बसून राहिले. मी म्हटलं, मोदक पाचाचे सात करते.

२० जानेवारी २००८, रविवार. वजन ७५.८
कस्तुरीकडे हळदीकुंकू. तिचा नवरा तोयोसूला आयटीत, ती स्वतः कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, कोंबिनीत, आरुबाइतो करते, म्हणजे अर्धवेळ काम. त्यामुळे जीभ जरा सुटलीय. सगळ्यांदेखत म्हणाली, “वहिनी, उंदरांचं औषध भावजी चुकून तुमच्या चहात घालत नाहीत ना? तुम्हाला उलटं लागू पडतंय.” बायका हसल्या. मी तिळगुळाच्या सहा वड्या घेतल्या आणि गोड बोलले. तिळगूळ अर्थातच प्रसाद.

२४ जानेवारी, गुरुवार
आनंदाचा दिवस. यांचे मोठे साहेब मोरिशिमा सेन्सेई यांनी माझी वही पाहिली. रोजच्या नऊशे कॅलरी आणि साडेचार किलो वाढ. असं शरीर त्यांनी पाहिलं नाही. यांचं अनुमान असं की माझ्या चरबीच्या पेशी मरायलाच विसरल्यात आणि पोलीस त्यांना हात लावत नाहीत. का लावत नाहीत ते शोधलं तर औषध सापडेल. पेपरमध्ये मी ‘स्वयंसेवक क्रमांक सात’.
हे जेवताना हसले. किती महिन्यांनी. म्हणाले, “मी उंदरांत शोधत होतो आणि तू इथे पोळ्या लाटत होतीस.”
देवाचे उपकार फेडायला आजपासून रोज सव्वा वाटी रव्याचा शिरा.

२७ फेब्रुवारी, बुधवार. वजन ७७.३
सेन्सेईंनी कॉन्ट्रॅक्टच्या कमिटीला क्रमांक सातबद्दल सांगून टाकलं. आता फक्त खात्री म्हणून तीन दिवस मला लॅबच्या खोलीत ठेवून वहीप्रमाणेच जेवायला देणार. यांनी अनघाला पुढच्या वर्षासाठी नवं दप्तर आणलं. मी म्हटलं, जुनं चाललं असतं. पण आतून बरं वाटलं.

६ मार्च, गुरुवार, महाशिवरात्र
लॅबच्या खोलीतला दुसरा दिवस. वहीत उपवासाला काही नाही, म्हणून त्यांनीही काही दिलं नाही. बरोबरच. संध्याकाळी पिशवीतून शंकराचा फोटो काढला, हात जोडले, डबा उघडून शेंगदाण्याच्या लाडवांचा नैवेद्य दाखवला. ओगावासान आणि हे आत आले तेव्हा मी तिसऱ्या लाडवावर होते. एक ओगावासानना दोन्ही हातांनी दिला.
त्यांनी लाडू तळहातावर तोलून काहीतरी विचारलं. हे मराठीत म्हणाले, “हे असं रोज असतं?”
मी म्हटलं, “रोज. एक दिवस खंड नाही. तुमच्यासाठीच तर करते.”
“वहीत?”
“अहो, प्रसाद कोण मोजतं?”
ओगावासान पेन धरून थांबल्या होत्या. त्यांना मराठी येत नाही. यांना काहीही सांगता आलं असतं. यांनी एकदा फोटोकडे बघितलं. मग सगळं सांगितलं, मोदकांसकट.
ओगावासाननी लाडू हळूच काट्यावर ठेवला.

१४ मार्च, शुक्रवार
सेन्सेई फार नम्रपणे बोलले म्हणे. पेपर मागे घेतला. कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही. यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार आहे माझं: देवाला वाहिलेलं माझ्या नावावर कसं पडेल?

३० मार्च, रविवार
आमचा सायोनारा सेल. परत जाणारे आपल्या लोकांना सामान काढून देतात, तशी पद्धतच आहे. हे सकाळपासून लहान लहान पुडकी बांधतायत. शेजारी येतात, घेऊन जातात. फ्रीज कस्तुरीनं नेला. तिनं आज एकही टोमणा मारला नाही, त्याचं जास्त लागलं. घरात आवाज नाही.

३१ मार्च, सोमवार. वजन: काटा परत दिला
ओगावासाननी छापील वही परत पाठवली, तिची शेवटची काही पानं कोरी आहेत. टाकवेना.
देव्हारा बांधायच्या आधी शेवटचा शिरा केला. यांना वाटी दिली, म्हणाले ठेव. अनघा ‘इरानाइ’ म्हणाली, म्हणजे नको, आणि नवं दप्तर उशाला घेऊन पडून राहिली. फ्रीज नाही, ठेवणार कुठे. उभ्या उभ्या पातेलं पुसून संपवलं.
मग सवयीनं छापील वही उघडली. तारीख घातली. संध्याकाळचा रकाना समोर होता. हे दारात उभे राहून बघत होते, पेन माझ्या हातात.
लिहिलं: काही नाही.