मागचं पान एकटीने वाच

उम्म अल हस्सम, बहरीन

सौ. गोदास थोरल्या जावेचे आशीर्वाद.

हे पान सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. आपल्या प्रवीणने आईला आफ्रिका दाखवली बरं का! कालच परत आलो. मोंबासात केवढी गर्दी, आणि रिक्षावाले आपल्यासारखेच ओरडतात. समुद्राकाठच्या रिसॉर्टवर दोन दिवस नुसती पाय पसरून बसले. नात म्हणते, "आजी, रिलॅक्स!" म्हटलं, "अगं, वर बघ, नारळ पडेल डोक्यात." माड अगदी आपल्या आचऱ्यासारखे. आईंचे गुडघे कसे आहेत? गाय व्याली का?

आता पान उलट. हे आईंना ऐकवू नकोस. फोनवर त्या शेजारीच बसलेल्या असतात, म्हणून लिहिते.

सत्तावीस वर्षांपूर्वी तुझ्या भाऊजींची शेवटची चिठ्ठी बोटीवरून आली, ती मोंबासा बंदरातली. म्हणून तर प्रवीणने मला तिथे नेलं. तिथल्या गुजराती लोकांच्या स्मशानात जुनी वही आहे. तीत यांचं नाव, सासऱ्यांचं नाव, गाव आचरा. चिठ्ठीनंतर नवव्या दिवशी तापाने गेले. अग्नी कुणा परक्याने दिला.

प्रवीण तिथेच खाली बसला. मी त्याला पाणी पाजलं.

कुंकू मी पुसलेलं नाही. गावी आले की आईंची नजर आधी माझ्या कपाळाकडे जाते, तुला ठाऊक आहे. त्या आहेत तोवर लावीन.

नारळी पुनवेला मुलगा सुखरूप यावा म्हणून त्या समुद्रात नारळ सोडतील. सोडू दे. हात धरून ने, वाळूत पाय रुततात त्यांचे.

तुझी,
चंपावहिनी