परकीय गंगाजळीचा तास

प्रिय सुषमा,

तुझ्या व्याख्यानाचा फोटो कॉलेजच्या फलकावर अजून लावलेला आहे. सव्वा महिना झाला. रोज मस्टरवर सही करताना तो दिसतो आणि रोज वाटतं, कुणीतरी काढावा हा आता. फोटोत मीही आहे. डाव्या कोपऱ्यात, माईकची वायर धरून.

डहाणूला बी.ए.ला असताना पारनाक्याच्या समुद्रावर सुरूच्या झाडांखाली बसून व्यवहारतोल तुला मी समजावला होता, आठवतं? तुला आयात-निर्यातीचा मेळच लागायचा नाही. मग रिझर्व्ह बँकेची परीक्षा दोघींनी दिली. तू पास झालीस, मी लेखीतच राहिले. तुझ्या बाबांनी स्टेशनात पेढे वाटले, त्यातले दोन मीही खाल्ले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. तेव्हापासून तू परकीय चलनाच्या विभागात आणि मी तलासरीत बारावीला तेच प्रकरण शिकवते. शिकवते कसली, लिहून देते. विशेष उचल हक्काची व्याख्या, चार ओळी, चौदा वर्षं त्याच.

आणि मग तू व्याख्यानाला आलीस. माझ्या बारावीच्या वर्गातल्या, सायवन गावच्या हर्षदानं उभं राहून विचारलं, "मॅडम, एका सरकारला दुसऱ्याचे पैसे द्यायचे असले, तर नोटा बोटीनं नेतात का?" वर्ग हसला. मी असते तर तिला खाली बसवलं असतं. तू मात्र खडू उचललास आणि फळ्यावर एक जहाज काढलंस. म्हणालीस, "हे तेलाचं जहाज एका देशाच्या बंदराबाहेर उभं आहे. त्या देशाच्या परकीय गंगाजळीतले, म्हणजे साठ्यातले, डॉलर संपलेत. त्याच्या स्वतःच्या नोटा जहाजवाला घेणार नाही. तिजोरीतलं सोनं लगेच विकता येत नाही. उरले नाणेनिधीनं दिलेले उचल हक्क. पण त्यांनी बाजारात काडेपेटीसुद्धा मिळत नाही. ते फक्त सरकारं, त्यांच्या मध्यवर्ती बँका आणि मोजक्या संस्थाच बाळगू शकतात. मग हा देश ते हक्क दुसऱ्या देशाला देतो, दुसरा देश त्याला डॉलर देतो. नोट एकही हलत नाही, नुसते खात्यांतले आकडे बदलतात. आणि जहाज धक्क्याला लागतं." हर्षदानं पुन्हा विचारलं, "आणि दुसरा देश नाही म्हणाला तर?" तू चक्क टाळी वाजवलीस. "बहुतेक वेळा कुणीतरी आपणहून तयार असतं. कुणीच नसलं, तर ज्याची बाजू भक्कम आहे अशा देशाला नाणेनिधी पुढे करू शकतो. पण हा प्रश्न माझ्या खात्यातली नवी माणसंसुद्धा विचारत नाहीत गं!"

माझ्या वर्गात ती मुलगी वर्षभर गप्प बसलेली होती, सुषमा. पुढच्या चाचणीत तिनं तुझ्या जहाजाचं उत्तर लिहिलं. मी दहापैकी चार दिले. शेरा मारला: पुस्तकातली व्याख्या लिहावी.

मग तुझं पाकीट आलं. माझ्या पत्त्यावर, तिच्या नावानं. पुण्यातल्या संस्थेचा अर्थशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, राहण्या-जेवणासकट शिष्यवृत्ती, आणि शिफारस करणार तू. मी ते उघडलं, वाचलं आणि कपाटात उत्तरपत्रिकांखाली ठेवून दिलं. तुझा फोन आला तेव्हा म्हणाले, "अगं, तिचं लग्न ठरतंय, घरचे पाठवणार नाहीत." तू हळहळलीस. ते लग्न मी ठरवलं होतं, सुषमा. तिथल्या तिथे, फोनवर.

गेल्या सोमवारी तिचा बाप, दशरथ, रोजंदारी बुडवून कॉलेजात आला. खुर्चीवर बसेना. दारातूनच म्हणाला, "मॅडम, पोरीला पुढं शिकवायचीय. कुठं धाडू ते तुम्हीच सांगा. आम्हांला तुमच्याशिवाय कोण ठावं?" मी त्याला चहा पाजला आणि उद्या सांगते म्हणाले. उद्या म्हणता म्हणता दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हर्षदाला स्टाफरूममध्ये बोलावून पाकीट हातात दिलं आणि सगळं सांगितलं. लग्नाचंसुद्धा. तिनं आधी पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यातली तारीख वाचली. मग म्हणाली, "मॅडम, का केलंत असं?" माझ्याकडे उत्तर होतं, पण तुझं नाव घेतल्याशिवाय ते देता येईना. म्हणून तुझं नाव घेतलं.

मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. या ओळी लिहितानाही तुझं ते फळ्यावरचं जहाज मला टोचतंय, कारण ते मला चौदा वर्षांत सुचलं नाही. पण अर्जाची मुदत शुक्रवारी संपते आणि त्यावर तुझी सही लागते. पोस्टावर विसंबायला वेळ नाही. हे पत्र घेऊन तुझ्यासमोर उभी आहे ती हर्षदाच. मागे दशरथ असेल, त्याला आधी पाणी दे. या पत्राचं पाकीट मी चिकटवलेलं नाही, वाटेत वाचायचं तर वाच असं तिला सांगितलंय. माझ्यावर काय रागवायचं ते शनिवारी फोन करून रागव. आधी सही कर.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
निर्मला